भुलीच्या रकान्यापलीकडे बघा: प्राणी नीती समित्यांच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
संस्थात्मक प्राणी नीती समित्यांचे सर्व सदस्य,
विशेषतः समितीवरचे बिगर-वैज्ञानिक सदस्य

विषय: जाग्या, हालत्या उंदरांच्या मेंदूतल्या मूळपेशींचं थेट चित्रण आणि अशा प्रस्तावांची छाननी

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण प्रत्येक समितीवर एक सदस्य विज्ञानाबाहेरचा असतो आणि आपल्याकडच्या संस्थांमध्ये तो फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) इंग्रजीत वाचत असला तरी विचार बहुतेक वेळा मराठीत करतो. ‘प्रयोगात भूल दिली जाईल’ असं त्या फॉर्मवर दिसलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. ‘प्राणी जागा ठेवून चित्रण’ असं दिसलं की कपाळाला आठी पडते. ही प्रतिक्रिया माणुसकीची आहे, तिचा आम्हाला आदर आहे. पण मूळपेशींच्या या कामात ती समितीचं लक्ष भलतीकडे नेते. उंदराला त्रास होतो त्या जागा आणि प्रयोग फुकट जातो त्या जागा बऱ्याचदा एकच असतात, आणि त्यातल्या बहुतेक भुलीच्या रकान्याबाहेर आहेत. त्या कोणत्या, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी हे काम करायचंच कशाला, ते थोडक्यात. प्रौढ उंदराच्या मेंदूत मूळपेशींपासून (स्टेम सेल) नव्या चेतापेशी तयार होत राहतात अशा मुख्य जागा दोन: हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या डेंटेट गायरसचा आतला काठ, आणि मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या बाजूच्या पोकळीची, म्हणजे लॅटरल व्हेंट्रिकलची भिंत. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी किरणोत्सारी थायमिडीन (विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत शिरणारं द्रव्य) वापरून रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात हे दाखवलं. त्यानंतर कित्येक दशकं पद्धत तीच राहिली: खुणेचं द्रव्य टोचायचं, ठरल्या दिवशी प्राणी मारायचा, मेंदूचे काप करायचे आणि मोजायचं. काप म्हणजे एका क्षणाचा फोटो. तीच पेशी काल काय करत होती आणि उद्या काय करणार, ते त्यात दिसत नाही. म्हणूनच २०११ मध्ये दोन गट एकमेकांच्या उलट निष्कर्षांवर पोहोचले. एकाच्या मते मूळपेशी विभागून पुन्हा सुप्त होते आणि पुन्हा जागी होऊ शकते. दुसऱ्याच्या मते एकदा जागी झाली की काही विभाजनांत ती संपते.

२०१८ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या गटाने हिप्पोकॅम्पसवर काचेची खिडकी बसवून, जिवंत मेंदूत खोलवर पाहता येणाऱ्या टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच त्या पेशी दोन महिन्यांपर्यंत पाहिल्या. एएससीएल-१ या जनुकाच्या आधारे खूण केलेल्या पेशी जागं झाल्यावर झपाट्याने विभागून बहुतेक वेळा संपतात, असं दिसलं. २०२१ मध्ये त्याच गटाने जीएलआय-१ च्या आधारे खूण केलेल्या पेशी पाहिल्या, तर त्या जास्त काळ स्वतःची संख्या राखतात असं आढळलं. मूळपेशी एकाच जातीच्या नाहीत, हे त्याच पेशीकडे पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे कळलं.

क्यूबेकच्या लावाल विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: मोकळेपणाने वावरणाऱ्या उंदरांमध्ये व्हेंट्रिकलच्या भिंतीतल्या मूळपेशी दिवसेंदिवस, काही महिन्यांपर्यंत पाहिल्या. या पेशींचं विभाजन उजेडाच्या वेळी जास्त होतं, अंधारात मेलाटोनिन या संप्रेरकामुळे दबतं. सुप्त आणि सक्रिय पेशींमधली कॅल्शियमची, म्हणजे पेशीच्या आतल्या संकेतांची, चढउतार वेगळी असते. आणि सुप्त पेशीसारखी चढउतार प्रकाशाने घडवून आणली तर पेशी सुप्तच राहते. यातला दिवस-रात्रीचा भाग नीट लक्षात घ्या, खाली तो पुन्हा येणार आहे.

आता भुलीबद्दल. आयसोफ्लुरेन हा हुंगवायचा भुलीचा वायू ३ ते ४ टक्क्यांवर देऊन प्राणी झोपवायचा, १ ते २ टक्क्यांवर झोपलेला ठेवायचा, ही रोजची पद्धत. आयसोफ्लुरेन जे काही करतं त्यात गाबा या चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या गाबा-ए ग्राहकांचं काम वाढवणं हा मोठा भाग आहे. आणि डेंटेट गायरसमधल्या मूळपेशी गाबाच्याच संकेतावर सुप्त राहतात. शेजारच्या, पार्व्हअल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या चेतापेशींकडून येणारा हा संकेत २०१२ मध्ये दाखवला गेला आहे. म्हणजे ज्या दोरीने पेशी बांधलेली आहे तीच दोरी भूल ओढते. शिवाय मूळपेशींची भावंडं शोभाव्यात अशा, चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमधले कॅल्शियमचे संकेत भुलीखाली कोलमडतात, हेही त्याच वर्षी जाग्या उंदरांशी तुलना करून दिसलं आहे. भुलीत शरीराचं तापमान घसरतं. ३७ अंशांची गादी खाली नसेल तर काही मिनिटांत. दर १२ तासांनी चित्रण आणि १० दिवसांचा प्रयोग, म्हणजे २० वेळा भूल. वीस वेळा झोपवणं, शुद्धीवर आणणं, दर वेळी काही तास खाण्यापिण्याचं चक्र बिघडणं. हे दयाळूपणाचं म्हणून मंजूर करताना प्राण्यावर त्याचा बोजा किती, हे कुणी मांडलेलं नसतं.

भूल प्रत्येक वेळी वाईट, असं मात्र आमचं म्हणणं नाही. फक्त पेशी विभागली का एवढंच पाहायचं असेल तर दहा मिनिटांची हलकी भूल चालू शकते, मग सोबत एक गट असा हवा ज्याला तेवढीच भूल तेवढ्याच वेळा दिली पण लेझर लावला नाही. कॅल्शियम पाहायचं असेल तर प्राणी जागाच हवा. भुलीखालचं कॅल्शियमचं मोजमाप मागणारा प्रस्ताव आला तर आम्ही तो परत पाठवू.

त्रासाचा मोठा वाटा शस्त्रक्रियेत आहे, आणि तिथे सगळे उंदीर भुलीखालीच असतात, म्हणून ती पानं भराभर उलटली जातात. डेंटेट गायरस मेंदूच्या पृष्ठभागापासून दीड ते दोन मिलिमीटर खोल असतो. टू-फोटॉन प्रकाश तिथवर सहज पोहोचत नाही. म्हणून कवटीत सुमारे ३ मिलिमीटरचं भोक पाडून वरचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, बोथट सुईने, थंड सलाइन सतत सोडत, शोषून काढतात. करड्या थराखाली आडव्या पांढऱ्या तंतूंची चकाकी दिसू लागली की थांबायचं. इथे अर्धा मिनिट जास्त शोषलं तर हिप्पोकॅम्पसचाच वरचा थर निघतो, आणि तो उंदीर प्रयोगातून बाद. रक्त पूर्ण थांबायच्या आत काच बसवली तर दुसऱ्या दिवशी काचेखाली तपकिरी डाग, तिसऱ्या आठवड्यात पांढरट पडदा. ड्रिल एकाच जागी सलग फिरवलं तर हाडाखालचा मेंदू तापतो. दर १०-१५ सेकंदांनी थांबून सलाइन टाकावं लागतं. व्हेंट्रिकलच्या भिंतीसाठी अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचं ग्रिन लेन्स (बारीक दंडगोल भिंग) खाली उतरवतात. ते मिनिटाला १०० मायक्रॉनच्या आसपासच्या वेगाने उतरवावं, घाई केली की ऊती कापली न जाता दाबली जाते आणि लेन्सभोवती जास्त व्रण धरतो.

हा व्रण फक्त जखमेचा प्रश्न नाही. जखमेभोवतीच्या अ‍ॅस्ट्रोसाइट चिडतात, फुगतात, आणि त्यांच्यात जीएफएपी हे प्रथिन वाढतं, नेस्टिन हे प्रथिनही पुन्हा दिसू लागतं. मूळपेशी ओळखायला नेमके हेच दोन वापरले जातात. म्हणजे लेन्सच्या टोकाशी चमकणारी पेशी मूळपेशी आहे की जखमेमुळे चिडलेली अ‍ॅस्ट्रोसाइट, हे एकाच खुणेवरून सांगता येत नाही. दाह झाला की हिप्पोकॅम्पसमधली नवी चेतापेशी-निर्मिती घटते, हे २००३ पासून ठाऊक आहे. म्हणून शस्त्रक्रिया आणि पहिलं चित्रण यांत दोन ते चार आठवड्यांचं अंतर हवं, आणि प्रयोगाच्या शेवटी खिडकीच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा मेंदू कापून दोन्हींकडच्या विभागणाऱ्या पेशींची मोजणी समोर ठेवलेली हवी. दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर वरचे सगळे आलेख जखमेचे आहेत.

वेदनाशामकाबद्दल स्पष्ट विचारा. मेलॉक्सिकॅमचा एक डोस आणि मोकळे, एवढ्यावर कवटीची शस्त्रक्रिया भागत नाही. बुप्रेनॉर्फिन ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, आठ ते बारा तासांनी, निदान पहिले दोन दिवस. हे औषध अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, परवानगीची कागदपत्रं लागतात, आणि नेमक्या याच कंटाळ्यापोटी ते प्रस्तावातून गळतं. परवाना हातात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नका. सूज कमी करायला डेक्सामेथासोन टोचण्याची पद्धत आहे. पण ते ग्लुकोकॉर्टिकॉइड (ताणाच्या संप्रेरकासारखं स्टेरॉइड) आहे आणि ही औषधं मूळपेशींचं विभाजन दाबतात. द्यायचं तर सगळ्या गटांना सारखं द्यायचं आणि मधला काळ जाऊ द्यायचा. पहिला आठवडाभर रोज वजन: शस्त्रक्रियेआधीच्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर तो प्राणी थांबवायचा, हे प्रस्तावातच लिहिलेलं असावं.

जागा ठेवून चित्रण करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत डोक्यावरची टायटॅनियमची पट्टी क्लॅम्पमध्ये अडकवतात आणि पायाखाली हवेवर तरंगणारा थर्मोकोलचा चेंडू किंवा चाक देतात. दुसरीत दोन-तीन ग्रॅमचा छोटा सूक्ष्मदर्शकच डोक्यावर बसवून उंदराला मोकळं सोडतात.

पहिल्या तऱ्हेत सगळं अवलंबून आहे ते सवय लावण्यावर. आधी तीन-चार दिवस नुसतं हाताळणं, रोज पाच-दहा मिनिटं, तळहातावर, शेपटीला न धरता. मग चेंडूवर मोकळं सोडणं. मग पट्टी अडकवून ५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी १०, मग २०, असं करत आठ-दहा दिवसांत अर्ध्या तासापर्यंत. हा काळ कमी करणारा प्रस्ताव म्हणजे उंदराला दहशतीत ठेवून मोजमाप करण्याचा प्रस्ताव. ताणामुळे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि हिप्पोकॅम्पसमधलं विभाजन घटतं, म्हणजे घाई करणाऱ्याचा उंदीरही पोळतो आणि आकडेही.

उलट बाजूही आहे, ती फार कमी जण विचारतात. धावण्याने नव्या चेतापेशींची निर्मिती वाढते. १९९९ मध्ये चाक दिलेल्या उंदरांमध्ये हे दिसलं आणि तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. मग चेंडूवर रोज अर्धा तास धावणारा उंदीर हा ‘काहीच न केलेला’ उंदीर राहत नाही. धावलेलं अंतर चेंडूच्या सेन्सरवरून रोज नोंदवलं पाहिजे, आणि तेवढंच चेंडूवर राहिलेला पण चित्रण न झालेला एक गट हवा. प्रस्तावात असा गट नसेल तर निष्कर्ष धावण्याचा आहे की तपासल्या जाणाऱ्या औषधाचा, हे कुणालाच कळणार नाही, आणि तेवढे प्राणी वाया जातील.

हालचालीची गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. मूळपेशीचं शरीर आठ-दहा मायक्रॉनचं. तिच्यातून निघणारा लांब धागा एक-दोन मायक्रॉन जाड. उंदीर धावू लागला की मेंदू कवटीच्या आत दोन ते पाच मायक्रॉन सरकतो. आडवा सरकला तर संगणक चौकटी एकमेकींवर बसवून ते दुरुस्त करतो. पण खाली-वर सरकला तर धागा प्रकाशाच्या पातळीतून निसटतो. पडद्यावर तो मंद होतो, उंदीर थांबला की पुन्हा उजळतो. आलेखावर ही चढउतार हुबेहूब कॅल्शियमच्या लाटेसारखी दिसते, आणि ती धावण्याशी तंतोतंत जुळते, म्हणून ‘धावण्याने मूळपेशीत कॅल्शियम बदलतं’ असा मोहक निष्कर्ष समोर उभा राहतो. यावर उपाय ठरलेला आहे: कॅल्शियमनुसार उजळणाऱ्या हिरव्या जीकॅम्प प्रथिनाबरोबर त्याच पेशीत लाल टीडीटोमॅटो प्रथिन हवं. लाल रंग कॅल्शियमने बदलत नाही. हिरवा आणि लाल दोन्ही एकदम मंदावले तर ती हालचाल. दुसरं, एका पातळीऐवजी चार-चार मायक्रॉनवर पाच पातळ्या घ्याव्यात. सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या यंत्रावर असे पाच-सहा संच सेकंदाला मिळतात, आणि मूळपेशींचं कॅल्शियम सेकंदांच्या संथ गतीने बदलत असल्याने तेवढे पुष्कळ होतात. एकाच रंगावर, एकाच पातळीवर जाग्या उंदराचं कॅल्शियम मोजणाऱ्या प्रस्तावाला आम्ही मंजुरी मागणार नाही, आपणही देऊ नये.

दुसऱ्या तऱ्हेत वजन. छोट्या टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकांची वजनं गेल्या दोन दशकांत २५ ग्रॅमवरून दोन-तीन ग्रॅमवर आली, थ्री-फोटॉनचाही सव्वादोन ग्रॅमच्या आतला नमुना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावात हाच आकडा लिहिला जातो. पण डोक्यावर फक्त यंत्र नसतं. समजा यंत्र २.४ ग्रॅम, पट्टी आणि बैठक ०.८, डेंटल सिमेंट ०.६: झाले ३.८ ग्रॅम. २५ ग्रॅमच्या उंदराला हे शरीराच्या १५ टक्के; सर्वसाधारण मर्यादा १० टक्क्यांची धरतात. त्यात केबलचा पीळ वेगळा. एकाच दिशेने वळत राहिलेला उंदीर अर्ध्या तासात केबल इतकी पिळतो की डोकं एका बाजूला ओढलं जातं. फिरता जोड किंवा हाताने पीळ काढणारा माणूस यापैकी एक तरी हवा. सिमेंट वजन करूनच वापरायचं आणि आधी आठवडाभर तेवढ्याच वजनाचा खोटा ठोकळा लावून उंदीर खातो-पितो का, अंग चाटतो का, ते पाहायचं.

लेझरची शक्ती लेझरच्या पेटीवर मोजलेली लिहिली असेल तर ती निरुपयोगी आहे. ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे प्राण्याकडच्या भिंगाखाली, मोजलेली हवी. ९२० नॅनोमीटरच्या सलग प्रकाशाने मेंदू १०० मिलिवॅटमागे साधारण पावणेदोन अंशांनी तापतो आणि २५० मिलिवॅटच्या वर कायमची इजा दिसते, असं मोजून झालेलं आहे. याच्या उलट, वातानुकूलित खोलीतलं २० अंशांचं पाणी ऑब्जेक्टिव्हखाली ठेवलं तर खिडकीखालचा मेंदू थंड पडतो. पेशीचं विभाजन तापमानावर अवलंबून असतं, म्हणून पाणी ३७ अंशांवर ठेवणारा कॉलर लावावा. विभाजन पाहायला सतत प्रकाश लागतही नाही. ४० पातळ्या, प्रत्येकीवर ३० चौकटी, म्हणजे १२०० चौकटी, ४० सेकंद. पेशी शोधण्याचा वेळ धरून दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. तासभर लेझर लावू असं लिहिणाऱ्याला कारण विचारा.

आता दिवस-रात्र. उंदीर निशाचर आहे. सकाळी १० ते ५ च्या कामाच्या वेळेत चित्रण म्हणजे त्याच्या झोपेत चित्रण. दिव्यांच्या वेळा उलट करता येतात, पण उंदराला त्याची सवय व्हायला किमान दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात अंधाराच्या वेळी एखाद्याने प्राणिगृहात ट्यूब लावली किंवा वीज गेल्यावर टायमर मागे पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. टायमरला बॅटरी आहे का, हा प्रश्न समितीला क्षुल्लक वाटू नये. आणि उंदरांची जात विचारा: सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी-५७-ब्लॅक-६ उंदरांमध्ये जनुकीय दोषामुळे मेलाटोनिन अगदी नगण्य बनतं. मेलाटोनिनचा परिणाम शोधणारा प्रस्ताव हीच जात घेऊन आला, तर त्याचं उत्तर लेखी मागावं.

पेशींवर चमकणारी खूण चालू करणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाबद्दल इतकंच: एकच कमी डोस, जेणेकरून दृश्यात मोजक्याच पेशी चमकतील. पाच-पाच दिवस भरपूर डोस दिला तर शेजारशेजारच्या दोन पेशींची पिल्लं कुणाची हे सांगता येत नाही, आणि उंदराचं वजनही उतरतं.

संख्येबाबत. काप करण्याच्या पद्धतीत आठ टप्पे आणि टप्प्याला सहा, असे ४८ उंदीर लागतात; एकाच उंदराचा दोन महिने माग घेतला तर आठ पुरे होतात. हा युक्तिवाद खरा आहे आणि आम्हीही तो करतो. पण आठ खिडक्या शेवटपर्यंत स्वच्छ राहायला शस्त्रक्रिया चौदा-पंधरा उंदरांवर करावी लागेल असं धरूनच चालावं. प्रस्तावात नेमका आठ हा आकडा असेल तर मधेच वाढीव मागणी येणार, किंवा धूसर खिडकीचा उंदीर ओढूनताणून वापरला जाणार. आधीच चौदा मागणाऱ्याला प्रामाणिक समजावं.

एवढं झाल्यावर एक विनंती. मंजुरीला अशी अट घाला की पहिल्या दोन उंदरांच्या सवयीची रोजची नोंद, वजन आणि धावलेलं अंतर यांच्यासह, समितीकडे आल्याशिवाय पुढच्या शस्त्रक्रिया होणार नाहीत. आणि सवयीच्या आठव्या-नवव्या दिवशी समितीतल्या एकाने, शक्यतो बिगर-वैज्ञानिक सदस्याने, त्या खोलीत वीस मिनिटं बसावं. पट्टीत अडकलेला उंदीर सरावलेला असेल तर थोडं धावतो, थांबतो, पुढच्या पंजांनी तोंड पुसतो, मिशा हलत राहतात. सरावलेला नसेल तर मागचे पाय ताठ करून चेंडू मागे ढकलतो, डोळे अर्धे मिटतो, कान मागे पाडतो, चेंडूवर पुन्हा पुन्हा मूत्र सोडतो. हे दिसलं तर सत्र तिथेच थांबवायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो वापरला तर आम्हाला वाईट वाटणार नाही.

येणार असाल तर आदल्या दिवशी प्राणिगृहाला कळवा. खोलीत लाल दिवा असेल, डोळे सरावायला पाच मिनिटं द्यावी लागतात. अत्तर लावून येऊ नये.

आपले,
सूक्ष्मदर्शक आणि प्राणिगृह रोज सांभाळणारे काही जण